बांधाच्या बाहेरचा बांध



मुळशीत बसून समुद्राची गोष्ट कशाला, असे कोणीही विचारील. आपली भातखाचरे समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आहेत. समुद्र कितीही चढला तरी पौडच्या बाजारात यायचा नाही. पण आपल्या खोऱ्याचे पाणी मात्र रोज समुद्राला जाते, आणि तेही उलट्या वाटेने.

मुळा नदी मूळची पूर्वेकडे वाहणारी. पुण्यात मुठेला मिळून ती भीमेत जाते आणि भीमा पुढे कृष्णेत. म्हणजे आपले पाणी बंगालच्या उपसागरात जायचे. मुळशीचे धरण झाले, ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली आपल्या वाडवडिलांनी सत्याग्रह केला, आणि १९२७ पासून हे पाणी बोगद्याने व नळांनी घाटाखाली भिरा वीजघरात पडू लागले. वीज करून ते कुंडलिका नदीत जाते. कोलाडला शहरी मंडळी रबरी होड्यांत बसून ज्या पाण्यावर उड्या मारतात, ते आपल्याच मावळातले पाणी. कालव्यांना आणि गावांना देऊन जे उरते ते रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला मिळते.

गेल्या मार्चमध्ये तालुक्यातील काही भातशेतकऱ्यांना घेऊन आम्ही याच पाण्याच्या मागोमाग गेलो. ताम्हिणी घाट उतरलो, रोहा पाहिले आणि पुढे अलिबागच्या खारेपाटात मुक्काम केला. तिथे जे पाहिले आणि ऐकले, ते कार्यक्रमात थोडक्यात सांगितले होते. या पत्रिकेत ते सविस्तर देत आहोत.

खाजण म्हणजे काय, खार जमीन म्हणजे काय

खाडीच्या काठी भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलट जमीन असते. तिला रायगडात खाजण म्हणतात. तिच्यावर तिवर, चिपी, कांदळ अशी खारफुटीची झाडे उगवतात. जिथे भरतीचे पाणी महिन्यातून दोन-चार दिवसच पोचते, अशा जरा उंच भागावर झाडे विरळ होतात आणि धापा, मोरस यांसारख्या मांसल पानांच्या वनस्पती व खारे गवत दिसते. आपल्याला ती पडीक दलदल वाटेल. पण बोय, कोळंबी, चिंबोरी, निवटी आणि खारेपाटाचा मानाचा मासा जिताडा, या सर्वांची पिल्ले याच चिखलात आणि मुळांच्या जाळीत वाढतात.

याच खाजणाचा काही भाग पूर्वजांनी मातीचे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून तोडला आणि तिथे भात पिकवले. ती खार जमीन. बांध बहुधा चिकणमातीचा, काही ठिकाणी दगडाने पिचिंग केलेला असतो. गोव्यातही अशीच शेती फार जुन्या काळापासून चालत आली आहे. तिथे बांधून आत घेतलेल्या जमिनीलाच खाजन म्हणतात, त्यामुळे शब्दाचा घोटाळा होऊ देऊ नये. या पत्रिकेत बांधाच्या बाहेरचे ते खाजण आणि आतली ती खार जमीन, असे धरून चालू.

या जमिनीशी लोकांचे नाते किती घट्ट आहे हे सांगायला एक गोष्ट पुरे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमीनदारांच्या विरोधात संप केला. शेते पडीक ठेवली, हाल सोसले, पण हटले नाहीत. ती शेते याच खारेपाटातली.

उघाडीची करामत

आता तुम्ही म्हणाल, खाऱ्या चिखलात भात पिकतो कसा? उत्तर सोपे आहे. तो पाऊस पिकवतो. कोकणात पाऊस भरपूर. जून-जुलैच्या सरींनी जमिनीतले मीठ विरघळते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. मात्र ते पाणी शेतातून बाहेर पडले पाहिजे आणि खाडीचे पाणी आत येता कामा नये. ही दोन्ही कामे उघाडी करते.

उघाडी म्हणजे बांधातली मोरी. तिच्या खाडीकडच्या तोंडाला झडप असते. ओहोटी लागली, खाडीची पातळी शेतातल्या पाण्याच्या खाली गेली, की आतले पाणी झडप ढकलून बाहेर पडते. भरती आली की खाडीचे पाणी बाहेरून झडप दाबते आणि ती आपोआप मिटते. ना इंजिन, ना वीज. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, म्हणजे दोनदा शेत धुऊन निघते.

खारेपाटातल्या माणसाला भरतीची वेळ सांगायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, आला तो पूर्ण भरतीचा वाजण्याचा आकडा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार कमी असते, तो भांग. बांधाची सगळी कामे भांगात उरकायची, हा तिथला नियम.

समुद्र खरोखर चढतो आहे काय

चढतो आहे. पृथ्वीचे तापमान वाढल्याने दोन गोष्टी होतात. पाणी तापले की फुगते, आणि डोंगरांवरचा व ध्रुवाकडचा बर्फ वितळून समुद्रात भर पडते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रज्ञ मंडळाने २०२१ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, वाढली. चिंता वेगाची आहे. १९०१ ते १९७१ या काळात ती वर्षाला सरासरी १.३ मिलीमीटर चढत होती. २००६ ते २०१८ या काळात ३.७ मिलीमीटर चढली. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जात आहे. तिथेही शंभराहून अधिक वर्षांची नोंद हळूहळू चढतीच दाखवते.

वर्षाला पावणेचार मिलीमीटर म्हणजे भाताच्या दाण्याच्या लांबीहूनही कमी. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण या वेगाने २७ वर्षांत १० सेंटिमीटर होतात. म्हणजे बापाने बांधलेली उघाडी मुलाच्या हाती येईपर्यंत समुद्र चार बोटे वर आलेला असतो. खाडीकाठी जमीन ताटासारखी सपाट. हजार फुटाला एक फूट उतार असला तर पाणी १० सेंटिमीटर चढताच भरतीची रेघ १०० मीटर आत सरकते.

खाजण समुद्राबरोबर चढते

इथे निसर्गाची एक मोठी सोय आहे. खाजण जागच्या जागी वर उठू शकते. भरतीचे पाणी गढूळ असते. ते झाडांच्या मुळांत आणि गवतात शिरले की त्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. मुळे-पाने कुजून त्यात भर पडते. असा थरावर थर चढून खाजण समुद्राच्या बरोबरीने वर येते. समुद्र जास्त चढला तर पाणी जास्त वेळ खाजणावर राहते, जास्त गाळ बसतो. एका अर्थी खाजण आपली उंची आपणच राखते.

मात्र त्याला दोन गोष्टी लागतात. एक गाळ आणि दुसरी जागा.

आधी गाळाचा हिशोब करू. वर्षाला ३.७ मिलीमीटर वर यायचे तर एका एकराला सुमारे १५ घनमीटर, म्हणजे सव्वापाच ब्रास भर लागते. त्यातली काही मुळापानांची, पण मोठा वाटा नदीच्या गाळाचा. बांधकामवाल्यांच्या भाषेत दोन-तीन ट्रक माती, दर एकराला, दरवर्षी. हे काम फुकटात होते ते नदी आणि भरती मिळून करतात म्हणून. नदीवर धरणे झाली की गाळ धरणात बसतो. खाडीच्या तळातून यंत्राने रेती उपसली की काठ ढासळून खड्ड्यात जातो आणि खाजणावर बसायचा गाळ खड्डा भरण्यात संपतो.

आपल्या मुळशीच्या पाण्याचेच पाहा. कुंडलिकेला ते बारमाही मिळते, आणि गोडे पाणी वरून वाहते राहिले तर खाडीचे खारे पाणी मागे रेटले जाते. एवढा त्याचा उपकार. पण ते धरणात निवळून गेलेले पाणी, त्यात गाळ नाही. खाजणाला लागणारा गाळ कुंडलिकेच्या स्वतःच्या डोंगरउतारांवरून पावसाळ्यातच यायला हवा.

खाजणाची चढण्याची ताकदही अमर्याद नाही. समुद्र वर्षाला सहा-सात मिलीमीटरपेक्षा जास्त वेगाने चढू लागला तर खारफुटी मागे पडते आणि बुडते, असे जुन्या गाळाच्या थरांवरून जगभरच्या अभ्यासकांनी काढले आहे. आजचा वेग त्याच्या निम्म्याच्या वर पोचलेला आहे.

मागे सरकायला जागा कुठे

दुसरी गोष्ट जागा. समुद्र चढला की खाजण जमिनीच्या बाजूला मागे सरकते. खालच्या कडेची झाडे मरतात, वरच्या कडेला नवी उगवतात. पण वरच्या कडेला बांध, रस्ता, भराव किंवा कुंपण असले तर सरकणार कुठे? पुढून समुद्र दाबतो आणि मागून बांध अडवतो. अडकित्त्यात सुपारी सापडावी तसे खाजण दोन्हीकडून चिरडते. पट्टा अरुंद होत होत एक दिवस नाहीसा होतो आणि लाट थेट बांधावर आदळू लागते.

खारेपाटात एका बांधावर उभे असताना आमच्यातल्या एकाने तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, “काका, बाहेर एवढी झाडी वाढलीय. ती काढून पुढे आणखी एक बांध घातला तर चार-पाच एकर वाढतील की!” म्हातारा हसला. म्हणाला, “तिवरं हायेत म्हणून ह्यो बांध हाय. तिवरं गेली की बांध एक उधाण काढंल, दुसरं नाय काढणार.”

शास्त्रही तेच सांगते. १०० मीटर रुंदीचा खारफुटीचा पट्टा लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतो, अशी मोजमापे झाली आहेत. पट्टा किती दाट, पाणी किती खोल, यावर आकडा बदलतो. म्हणून खाजण म्हणजे बांधाच्या बाहेरचा बांध. आतला बांध दर दोन-चार वर्षांनी माणसाला दुरुस्त करावा लागतो. बाहेरचा स्वतःच स्वतःची दुरुस्ती करतो, आपण त्याला करू दिली तर.

आतली जमीन खाली का गेली

त्याच म्हाताऱ्याने आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. बांधाच्या बाहेर उतरलो तर चिखल बांधाच्या माथ्यापासून कंबरेइतका खाली. आत उतरलो तर शेताची जमीन छातीइतकी खाली. म्हणजे बाहेरचे खाजण उंच आणि आतले शेत सखल.

असे का झाले? बांध घातला त्या दिवसापासून आत गाळ येणे बंद झाले. बाहेरचे खाजण थराथराने वर येत राहिले, आतली जमीन वाळून, दबून बसत गेली. दोन-तीन पिढ्यांत हा फरक पडतो. बांध जमीन राखतो, पण तिची वाढही थांबवतो. म्हणून समुद्र चढल्याचा पहिला फटका खाजणापेक्षा आतल्या शेताला बसतो.

हा फटका उघाडीतून बसतो. हिशोब करून पाहू. समजा खाडीत भरती-ओहोटीचा फरक ३ मीटर आहे. पाणी सहा तासांत ३ मीटर उतरते, म्हणजे सरासरी तासाला अर्धा मीटर. समुद्र १० सेंटिमीटर चढला तर उघाडी १२ मिनिटे उशिरा उघडेल आणि १२ मिनिटे लवकर मिटेल. एका ओहोटीला २४ मिनिटे गेली, दिवसाच्या दोन ओहोट्यांत ४८ मिनिटे गेली. जुलैच्या मुसळधार पावसात, उधाणाच्या दिवसांत, ही पाऊण तासाची तूट म्हणजे रोपे आणखी एक दिवस पाण्याखाली. आपल्याकडे खाचर भरले तर बांध फोडून खालच्या ओढ्याला पाणी देता येते. तिथे खाली ओढा नाही, समुद्र आहे.

शिवाय बाहेरची पातळी वाढली की बांधाखालून खारा पाझर वाढतो. भात कापल्यावर उन्हाळ्यात हे खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे वर येते. पाणी उडून जाते, मीठ राहते. एप्रिलमध्ये शेतावर पांढरी पापडी दिसते ती हीच.

खांड पडली तर

बांध फुटून जे तोंड पडते त्याला खांड म्हणतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. एका एकरावर फूटभर समुद्राचे पाणी उभे राहिले तर त्यात सुमारे ४३ टन मीठ असते. ओहोटीला बरेचसे परत जाते, पण जे मुरते तेवढेही पिकाला मारायला पुरते. माती परीक्षणाच्या अहवालात ई.सी. नावाचा आकडा असतो. तो ४ च्या वर गेला की जमीन क्षारयुक्त समजतात. भाताचे उत्पन्न तर ३ च्या वरच घटू लागते. रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात भात सर्वांत नाजूक असतो.

खांड लगेच बुजवली आणि पुढे एक-दोन पावसाळे चांगले झाले तर जमीन बरीच सुधारते. राहू दिली तर मात्र गोष्ट हाताबाहेर जाते. रोजची भरती आत येते, गाळ येतो आणि गाळाबरोबर तिवरांचे बी येते. तीन-चार वर्षांत डोक्याएवढी झाडी. असे एक शिवार आम्ही पाहिले. सोबतच्या शेतकऱ्याने झाडीकडे बोट दाखवून सांगितले, “ती दोन एकर आमची.” सातबाऱ्यावर भात, जमिनीवर तिवर. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवन तोडण्यावर आणि त्यावर भराव टाकण्यावर बंदी घातली आहे. खाजण वाचवायला असा कायदा हवाच. पण ज्याच्या बांधाची खांड वेळेवर बुजली नाही, त्या गरिबाने काय करावे, हा प्रश्नही खरा आहे. त्याला नुकसानभरपाई किंवा दुसरा आधार मिळाला तरच त्याला खाजण वैरी वाटणार नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. मे २००९ मध्ये बंगालच्या सुंदरबनात आयला वादळाने बांध फोडले आणि खारे पाणी शेतात शिरले. कित्येक गावांत पुढची काही वर्षे भात नीट आला नाही. उलट इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात टॉल्सबरी येथे १९९५ साली सरकारनेच समुद्राचा जुना बांध मुद्दाम फोडला, मागे नवा बांध घातला आणि मधली जमीन खाजणाला परत दिली. तिथे गाळ बसला, वनस्पती हळूहळू आल्या आणि मागच्या बांधाला ढाल मिळाली. आपल्याकडे दोन-दोन एकरांचे धनी, त्यामुळे हा उपाय जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण जी शिवारे आधीच कायमची गेली आहेत, तिथे मालकाला रास्त मोबदला देऊन मागे पक्का बांध घालणे, हा विचार करण्याजोगा मार्ग आहे.

खारेपाटातील शेतकऱ्यांसाठी

आपल्यापैकी अनेकांचे सोयरे घाटाखाली आहेत. ही पत्रिका त्यांच्यापर्यंत पोचवा.

१. पावसाळ्यापूर्वी बांध चालून पाहा. खेकड्यांची बिळे, भेगा, खचलेला माथा मे महिन्यातील भांगात दुरुस्त करा. माती बाहेरच्या खाजणातून, बांधाच्या पायथ्यालगत कधीही खणू नका.

२. उघाडीच्या झडपेत गाळ, फांद्या अडकू देऊ नका. झडप गळत असेल तर प्रत्येक भरतीला मीठ आत येते. मासे धरण्यासाठी झडप उघडी ठेवणाऱ्यांना गावाने समज द्यावी.

३. बांधाबाहेरची तिवर, चिपी सरपणासाठी तोडू नका. गुरे सोडू नका. कचरा व राडारोडा टाकू देऊ नका.

४. खांड पडली तर पहिला भांग साधा. त्याच दिवशी तलाठी, कृषी सहायक आणि खारभूमी विकास विभागाला लेखी कळवा, पंचनामा करून घ्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा. उशीर झाला आणि झाडी उगवली तर परवानगीशिवाय हात लावता येणार नाही.

५. बियाणे खाऱ्या जमिनीचेच वापरा. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ हे वाण दिले आहेत. काळा रता, भुरा रता हे जुने वाणही मीठ सोसतात. गोव्यात यासाठी कोरगुट पेरतात. आपली इंद्रायणी किंवा आंबेमोहोर तिथे नेऊन पेरू नये, नुकसान होईल.

६. रोपे गोड्या, उंच जमिनीवर तयार करा. पहिल्या जोराच्या पावसाने मीठ धुतल्यावरच लावणी करा. रोपे जरा जून, २५ ते ३० दिवसांची घ्या आणि एका चुडात नेहमीपेक्षा एक-दोन काड्या जास्त लावा. रहू म्हणजे मोड आलेले बी फेकायचे असेल तरीही आधी शेत धुऊन काढा.

७. कापणीनंतर ओल असतानाच हलकी नांगरट करा किंवा पेंढा पसरून जमीन झाका. वर चढणारे मीठ अडते. जमेल तिथे शेततळे करून पावसाचे पाणी साठवा.

आणि मुळशीकरांनी काय घ्यावे

मंडळी परत येताना ताम्हिणीत चहाला थांबली, तेव्हा हाच विषय निघाला. एकजण म्हणाला, “साहेब, आपल्या आज्याची जमीन धरणाच्या पाण्यात गेली. ह्यांची समुद्राच्या पाण्यात चाललीय.” बाकीचे गप्प बसले. ज्या तालुक्याने पाण्याखाली गावे जाताना पाहिली, त्याला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

तरी त्यातून तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

पहिली, मातीची. उतारावरची आपली माती फक्त आपली नसते, खाली कोणाच्या तरी कामाला ती येते किंवा कोणाच्या तरी धरणात बसते. डोंगर फोडून एकदम लोंढ्याने माती सोडणे हे गाळ पुरवणे नव्हे. त्याने ओढे बुजतात आणि खाचरे भरतात. झाडोऱ्याखालून हळूहळू, पावसापावसाने येणारा गाळच नदीला पेलतो. म्हणून उतारावर प्लॉट पाडताना आणि रस्ते काढताना ग्रामसभेने डोळे उघडे ठेवावेत.

दुसरी, जमीन खरेदीची. घाटाखाली खाडीकाठी स्वस्त जमीन आहे, असे सांगत दलाल फिरतात. घेण्याआधी उधाणाच्या दिवशी, भरतीच्या वेळी, स्वतः जाऊन उभे राहा. सातबारा पाहा, तसेच ती जमीन कांदळवनात किंवा त्याच्या ५० मीटरच्या पट्ट्यात येते काय, हेही पाहा. बांध कोणाचा, उघाडी कोण सांभाळतो, हे गावात विचारा.

तिसरी, वादळाची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि त्याच दिवशी आपल्या तालुक्यातही घरांचे पत्रे उडाले. समुद्रावर जे घडते ते घाट चढून आपल्यापर्यंत येते. किनारा सावध असेल, खाजण शाबूत असेल, तर निदान पाणी तरी तिथेच अडते.

बंधूंनो, समुद्राचे चढणे एका गावाला किंवा एका तालुक्याला थांबवता येणार नाही. पण चढत्या समुद्राबरोबर चढणारी जमीन निसर्गाने दिलेली आहे. तिला गाळ मिळू द्यावा, जागा मिळू द्यावी आणि तिच्यावर कुऱ्हाड चालवू नये, एवढे माणसाच्या हातात आहे. बाहेरचा बांध राहिला तर आतला राहील, आणि आतला राहिला तर त्यामागचे भात आणि त्या भातावरचे घर राहील.

तुमच्या नात्यागोत्यात कोणी खारेपाटात शेती करीत असेल तर त्यांचा अनुभव आम्हाला जरूर लिहून कळवा. निवडक पत्रे कार्यक्रमात वाचून दाखवू.